खाऱ्या पाण्याची सोयरीक

दिघोरीहून समुद्र कुठल्याच दिशेने जवळ नाही. लाखांदूर तालुक्याच्या या भागात पडलेला पाऊस चुलबंद नदीवाटे वैनगंगेला मिळतो, वैनगंगा वर्धेला भेटली की तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्या उपसागराचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि मुंबईचा समुद्र सातशेहून लांब. अशा ठिकाणी, धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मधोमध, एका गृहस्थाला घरात समुद्र हवा होता. तो गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखकच. केलेल्या चुका ‘मी’ म्हणून सांगताना जीभ अडखळते, म्हणून हा ‘प्रस्तुत लेखक’ नावाचा आडोसा.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथे माशाचं अप्रूप कुणाला नाही. रोहू, कतला, मरळ ही रोजच्या बोलण्यातली नावं. त्यामुळे बोटाएवढ्या नारंगी-पांढऱ्या माशांसाठी काचेची टाकी मांडलेली पाहून शेजाऱ्यांनी विचारलेला प्रश्न रास्तच होता : “खायाचे नाई, त पोसता कायले जी?” याला धड उत्तर नाही. लहानपणी मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं आणि ते डोक्यातून गेलं नाही, एवढंच. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या त्या मत्स्यालयाची खरी श्रीमंती मात्र दाराबाहेर होती. रस्ता ओलांडला की समुद्र. दिघोरीत समुद्र बादलीत कालवावा लागतो.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एवढ्याशा टाकीत साडेसहा-सात किलो मीठ मुरवायचं. तेही किराणा दुकानातलं नव्हे; कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे योग्य प्रमाणात घातलेलं, खास सागरी टाकीसाठीचं, आणि आरओच्या पाण्यात. हौशी माणूस ही मेहनत आनंदाने करतो. तो कंटाळा करतो वायरिंगचा.

गोड्या पाण्याच्या टाकीला हवेचा एक पंप आणि एक दिवा पुरतो. खाऱ्या टाकीला खालच्या टबातून पाणी वर ढकलणारा पंप लागतो, लाटा उठवणारे दोन वेव्हमेकर लागतात, फेसातून घाण ओढून काढणारा स्किमर लागतो, उडालेल्या पाण्याची भरपाई करणारा छोटा पंप लागतो, वर लाइट. आणि भंडाऱ्याच्या हवेत हीटरही लागतो, चिलरही. पौषात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, वैशाखात पंचेचाळीसला भिडतो. माशांना मात्र बाराही महिने २५-२६ अंश हवे. आठ यंत्रं, आठ पिना. सगळी मिळून आठ-नऊशे वॅट, म्हणजे घरातल्या इस्त्रीपेक्षा कमीच.

या ‘इस्त्रीपेक्षा कमी’नेच घात केला.

पहिला पॅनेल लेखकाने स्वतः बनवला. टाकीखालच्या लाकडी कपाटात प्लायवूडची फळी ठोकली. तिच्यावर दोन एक्स्टेन्शन बोर्ड, आठ निळ्या ठोकळ्यांची रिले-पट्टी, आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर, तापमानाचा सेन्सर आणि लुकलुकणारे दिवे. प्रत्येक वायरला चिठ्ठी. बघणाऱ्याला वाटावं, इस्रोचंच काम घरी आणलंय. हीटर वेळेवर लागायचा, लाइट वेळेवर विझायचा, आणि पाहुण्यांना टाकी दाखवून झाली की कपाट उघडून पॅनेलही दाखवला जायचा. मासे दुसऱ्या नंबरवर गेले होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दोनेक महिन्यांनी फळीवर पांढरी भुकटी दिसू लागली. खारं पाणी थेंबाथेंबाने उडतं, वाळतं, मागे मिठाचा पापुद्रा राहतो. त्या पापुद्र्यात ओल मुरते आणि त्याच्या टोकाला नवा पापुद्रा धरतो. असं करत मीठ वायरवरून अक्षरशः चालत जातं. पुढे पिनांवर हिरवट-निळा थर आला. भंडाऱ्याच्या माणसाला याचं नवल वाटायला नको होतं. पितळेच्या भांड्यांसाठी नाव काढलेलं हे गाव. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं हे इथे पोराटोरांना ठाऊक. सॉकेटच्या आतल्या पट्ट्याही पितळेच्याच. मिठाने त्या खाल्ल्या की पकड सैल होते, सैल जागी ठिणगी उडते, ठिणगीने प्लास्टिक काळवंडतं. लेखकाने ब्रशने मीठ झाडलं आणि कपाट बंद केलं.

मग एक दिवस आई म्हणाली, “बाबू, तुया त्या पाण्याले हात लावला का मुंग्या येतात मले.”

लेखकाने पाण्यात हात घालून पाहिला. काही नाही. आईचा भास असणार, असं ठरवून तो मोकळा झाला. आता तो प्रसंग आठवला की पोटात खड्डा पडतो. त्याच्या पायात रबरी चप्पल होती. आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती, आणि तिच्या बोटाला विळीचा ताजा काप होता. करंटला जमिनीपर्यंतची वाट तिच्या अंगातून मिळत होती, त्याच्या अंगातून मिळत नव्हती. भास कुणालाच झाला नव्हता.

आठवड्याने ओळखीच्या वायरमनने येऊन टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं. आतला निऑन लाल पेटला. त्याने काही न बोलता मेन बंद केला, एक्स्टेन्शन बोर्ड उपटून उलटा केला आणि स्क्रू सोडले. तीन भोकांचा बोर्ड, दोन तारांची वायर. अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं. त्याच्या मागे काहीच जोडलेलं नाही. मग हीटर बाहेर काढला. काचेच्या नळीवर केसाएवढी चीर होती. पाणी बदलताना टाकी अर्धी रिकामी केली, हीटर चालूच राहिला, कोरडी काच तापली आणि वरून गार पाणी पडलं, तेव्हाच ती तडकली असणार. “पाणी आन् करंटची सोयरीकच वाईट जी,” वायरमन म्हणाला, “त्यात तुमी मीठ टाकलं.”

मिठाचं त्याचं गणित बरोबर होतं. समुद्राचं पाणी विहिरीच्या गोड्या पाण्याच्या पन्नास-शंभर पट सहज वीज वाहून नेतं. गंमत अशी की याच गुणासाठी आपण मीठ मुद्दाम जमिनीत घालतो. घराच्या अर्थिंगचा खड्डा करताना तांब्याच्या किंवा लोखंडाच्या पट्टीभोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात, ते माती वीज नीट खेचून घ्यावी म्हणून. लेखकाच्या घरचा खड्डा वीस वर्षांपूर्वीचा. मे महिन्यात त्याच्या तोंडाशी माती भेगाळलेली होती, आणि त्यात शेवटचं पाणी कधी ओतलं हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. मीठ जिथे हवं तिथे वाळून निकामी झालेलं, आणि नको तिथे सात किलो ताजं.

दुरुस्ती झाली. नवा हीटर, तीन तारांची वायर, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गावाकडे अजून त्याला ईएलसीबी म्हणायची सवय आहे. ‘एमसीबी तर आहेच की’ हा आपल्याकडचा सर्वांत महागडा गैरसमज. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरपर्यंत गप्पच बसतो, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा करंटही पुरतो. आरसीसीबी मोजतो ते वेगळंच : फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तो खटका पाडतो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब याहून जास्त करंट खातो, यावरून ते किती सूक्ष्म काम आहे याचा अंदाज यावा.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख सरळ उपदेशाचा झाला असता. पण पुढच्या वैशाखात घरची सगळी मंडळी पवनीला लग्नाला गेली. एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तो वास आधी आला. टाकीतलं पाणी निश्चल, गढूळ. क्लाउनफिशची जोडी तळाशी आडवी, डॅमसेल वर तरंगत. कपाटात आरसीसीबीचा खटका खाली पडलेला. स्किमरच्या पंपाची वायर कपाटाच्या कडेवर घासून सोलवटली होती, तिथे मीठ शिरलं आणि करंट गळला. आरसीसीबीने आपलं काम चोख केलं होतं. फक्त स्किमरबरोबर त्याने पंप, वेव्हमेकर, चिलर, सगळंच बंद केलं. कारण सगळ्या टाकीला तो एकच होता. २६ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यात आठाच्या आसपास. पाणी तापलं की तोही कमी होतो. हलवणारं कुणी नसेल तर बंद घरात, मे महिन्यात, मासे किती तास काढणार?

पॅनेल म्हणजे यंत्रं चालवायची पेटी, असं लेखक तोवर समजत होता. दुसरा पॅनेल बांधताना प्रश्न उलटा धरला. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी बिघडणार. बिघडेल तेव्हा काय बंद पडावं आणि काय चालू राहावं?

पहिलं उत्तर जागेचं. टाकीखालचं कपाट ही पॅनेलची जागा नव्हे. ती मिठाची जागा आहे. आता पेटी शेजारच्या भिंतीवर आहे, टाकीपासून तीन-चार फूट बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या वर. पत्र्याची नाही, पॉलिकार्बोनेटची, आयपी ६५ दर्जाची. पत्र्याच्या पेटीला या हवेत गंज धरायला एक पावसाळा पुरे. वायरी खालच्या बाजूने, रबरी ग्लँडमधून आत जातात. वरून एकही भोक नाही. आणि प्रत्येक वायरला झोळ दिलेला. पाळण्याच्या दोरीसारखी वायर आधी खाली उतरते आणि मग सॉकेटकडे चढते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, पिनेपर्यंत जात नाही. या झोळाला दमडी लागत नाही, आणि लेखकाने पाहिलेल्या बहुतेक टाक्यांना तो नसतो.

दुसरं उत्तर वाटणीचं. आता आरसीसीबी दोन. एकावर वर पाणी ढकलणारा पंप आणि एक वेव्हमेकर. दुसऱ्यावर हीटर, चिलर, स्किमर, लाइट आणि दुसरा वेव्हमेकर. प्रत्येकाच्या पुढे योग्य क्षमतेचे एमसीबी, कारण जास्तीचा भार आरसीसीबीला कळत नाही. कुठलाही एक खटका पडला तरी पाणी हलत राहतं. इथे एक खाचखळगा आहे, त्यात लेखक पडून उठला : दोन आरसीसीबींच्या पुढचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले की दोन्ही विनाकारण पडत राहतात. घरच्या इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सर्रास सामाईक असतो. अशा वेळी लोक कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतात. काढायचा असतो तो न्यूट्रलचा गुंता.

तिसरं उत्तर रिलेचं, आणि ते सगळ्यात रंजक. रिले म्हणजे आर्डुइनोच्या हुकमाने चालणारा स्विच. त्याला दोन बाजू असतात : एक एरवी जोडलेली, दुसरी एरवी तुटलेली. आर्डुइनो अडकला, सेन्सरची तार तुटली, पॅनेलचं डोकंच बंद पडलं, तर पंप चालू राहायला हवा. म्हणून पंप एरवी जोडलेल्या बाजूवर. हीटर बंद व्हायला हवा. म्हणून तो एरवी तुटलेल्या बाजूवर. पहिल्या पॅनेलमध्ये आठही यंत्रं एकाच बाजूवर होती, कारण तशी वायरिंग नेटकी दिसते. चिलर तर रिले-पट्टीवरून हलवूनच टाकला. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो; निळ्या ठोकळ्यावर ‘१० अँपिअर’ छापलेलं असलं तरी असे झटके खाऊन आतले संपर्क एक दिवस एकमेकांना चिकटतात आणि मग बंदचा हुकूम देऊनही काही बंद होत नाही. आता रिले फक्त कॉन्टॅक्टरला, म्हणजे जड भारासाठीच्या दणकट स्विचला हलवतो, भार कॉन्टॅक्टर उचलतो.

चिकटलेल्या रिलेची भीती हीटरबाबत सगळ्यात मोठी, कारण तो चालूच राहिला तर माशांची आमटी होते. त्याला कुलूप दुहेरी लावलं आहे : हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६ वर, पॅनेलचा २५ वर, आणि दोघे एकामागे एक जोडलेले. एक फसला तर दुसरा तोडतो. शिवाय हीटर मुद्दाम लहान घेतला, २०० वॅटऐवजी १०० चा. अडकला तरी १९० लिटर पाणी उकडून काढायची त्याची ऐपत नाही, तेवढ्या वेळात कुणीतरी पाहील. चिलर २७ वर लागतो. हीटर आणि चिलर यांच्यात दोन अंशांची मोकळी जागा नसेल तर दोघं रात्रभर कुस्ती खेळतात आणि बिल आपण भरतो.

लाइनचा लहरीपणा हा दिघोरीचा खास विषय. उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं, एकदम बंद झाल्या की वर उसळतं. म्हणून पेटीत १८० च्या खाली आणि २६० च्या वर तोडणारा रक्षक बसवला आहे, आणि लाइन स्थिर झाल्यावर चिलर तीन मिनिटं थांबूनच सुरू होतो. दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करणं म्हणजे त्याचं आयुष्य हाताने कमी करणं. लाइन गेल्याक्षणी आपोआप चालू होणारा बॅटरीचा हवा-पंप भिंतीवर टांगला आहे. सगळ्या पॅनेलमध्ये सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि लग्नाच्या त्या रात्री ती असती तर मासे कदाचित वाचले असते.

पाणी भरणाऱ्या छोट्या पंपाबद्दल थोडक्यात. टाकीतून उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भरपाईही गोड्या आरओच्या पाण्याने. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण पाणीही झपाट्याने उडतं. हा पंप तरंगत्या स्विचवर चालतो, आणि तो स्विच कधी मिठाने, कधी गोगलगायीने अडकतो. त्यामुळे भरपाईचा डबाच दहा लिटरचा ठेवायचा. पंप रात्रभर अडकून राहिला तरी दहा लिटरच ओतेल. पॅनेलवर ‘पाणी बदल’ नावाचा एक वेगळा स्विचही आहे; तो दाबला की हीटर, स्किमर आणि हा पंप एकदम बंद. पहिल्या हीटरची काच ज्या चुकीने तडकली, तिचं उत्तर एवढंच होतं.

भारी लाइट मात्र लेखकाच्या पॅनेलवर नाही, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. परदेशी चित्रफिती पाहून जिवंत प्रवाळाची टाकी करायचा मोह होतो. भारतात समुद्रातली खडक रचणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. कुणी ‘जुगाड करून देतो’ म्हटलं तरी तो गुन्हाच. प्रवाळ नाही म्हटल्यावर प्रखर दिव्यांची गरज उरत नाही, त्यांची उष्णता नाही, चिलरवरचा बोजा नाही. क्लाउनफिशचं म्हणाल तर त्यांची पैदास आता हॅचरीत होते; समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा तो मासा टाकीत जास्त टिकतो. विकत घेताना तेवढं विचारून घ्यावं.

एक प्रश्न हौशी मंडळी नेहमी विचारतात : पाण्यातच अर्थिंगची तार सोडली तर? आरसीसीबी असेल तर ती उपयोगी, गळणारा करंट लगेच उघडा पडतो. आरसीसीबी नसेल तर तीच तार घातक. एक हात पाण्यात आणि दुसरा हात फॉल्टी लाइटच्या पट्टीवर पडला, तर करंटला अंगातून जायला आपण पक्का रस्ता बांधून दिलेला असतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. लेखकाच्या वायरमनने दुसरा पॅनेल जोडायला अर्धा दिवस घेतला. पहिला जोडायला लेखकाने तीन रविवार घेतले होते.

मत्स्यालय सगळ्यांच्या घरी नसतं, कूलर असतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणसं जातात, आणि ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. पत्र्याचा डबा, पाण्यातली मोटार, ओली फरशी, अनवाणी पाय, तीन भोकं आणि दोन तारा. लेखकाच्या आईची गोष्ट यापेक्षा वेगळी नव्हती. तिचं बोट आधी बोललं, एवढाच फरक.

आई आता टाकीत हात घालत नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला पॅनेलचं झाकण उघडून दोन्ही आरसीसीबींवरचं ‘टी’ अक्षराचं चाचणीचं बटण तीच दाबते. खटका पडला की उचलते आणि कॅलेंडरवर खूण करते. तुमच्या घरच्या मेन बोर्डात असं बटण असेल तर आज दाबून पाहा. खटका पडला नाही, किंवा बटणच सापडलं नाही, तर कूलरमध्ये पाणी भरण्याआधी वायरमनला बोलवा.